पोळ्याची घुंगरमाळ

घनश्याम गावंडे चोरीत पकडला गेला, यावर आर्णीजवळच्या त्या गावात पहिल्या दिवशी कुणाचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचा बसला. लोकांचं काय, बोलायला विषय मिळाल्याशी मतलब!

त्याची मुलगी अर्पिता यवतमाळला सुहासिनीबाईंच्या दारात आली ती ताठ मानेनं. सुहासिनीबाई खासगी तपासाची कामं घेत. त्यांचा भाचा साकेत वकील होता आणि मावशीच्या आधी गुन्हेगार ओळखायची त्याला भारी हौस. आजवर एकदाही जमलं नव्हतं, तरी हौस काही फिटत नव्हती.

अर्पितानं सगळं सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले शेतकरी उकंडराव यांच्या बैलाची जुनी पितळी घुंगरमाळ घनश्यामच्या रिकाम्या गोठ्यात सापडली. वडिलांना अटक झाली. जामीन मिळाला, पण गुन्हा उभाच होता. ती स्वतः नुकतीच पोलीस भरतीत निवडली गेली होती आणि गाव म्हणत होतं, पोरीचं नाव कटलं. उकंडराव निरोप धाडत होते, कबूल करा, मी मिटवून टाकतो.

साकेतला हे बरं वाटलं. चोरीच्या गुन्ह्यात कोर्टापुढे तडजोड होते, तो म्हणाला. शिवाय पडताळणीत उमेदवारावरचे गुन्हे बघतात, बापावरचे नाही. नोकरीला धोका नाही.

"नोकरी राह्यली तरी चोराची पोरगी म्हनूनच घरी येऊ काय?" अर्पिता म्हणाली. "बाबा कबूल करनार नाई, अन् मी करू देनार नाई."

सुहासिनीबाईंना पोरगी आवडली. त्यांनी लगेच पर्स उचलली आणि साकेतला घेऊन गाव गाठलं.

उकंडराव माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. घनश्यामच्या जोडीतला एक बैल गेला तेव्हा उरलेला हौश्या त्यांनीच उन्हाळ्यात विकत घेतला होता. पोळ्यात घनश्याम हौश्याच्या मानेवरून हात फिरवत बराच वेळ उभा होता. माळेवर डोळा होता, असं त्यांचं म्हणणं. माळ सापडली तशी त्यांनी मोबाइलवर टिपली होती. कडब्यात पडलेली माळ, पट्टा तुटलेला, बक्कल लागलेलं.

त्यांचा सालदार गडी सेवादास म्हणाला, बैल दारोदार पुजून आणले, माळ काढून खुंटीला टांगली आणि मालकाच्या घरी जेवायला गेलो. सांगताना तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. साकेतनं मावशीला कोपरखळी मारली: हाच चोर!

घनश्यामच्या गोठ्यात त्याच्या बायकोनं, बेबीताईंनी, जागा दाखवली. साकेत दारच्या खांबाला टेकला आणि पांढऱ्या शर्टाला पिवळा-तांबडा डाग लावून घेतला. चरफडला बिचारा. बेबीताई सांगत होत्या, पोळ्याला गोठा रिकामा बघवेना, म्हणून हौश्याच्या गव्हाणीत पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि तिघंही दिरांकडे जेवायला गेलो. परत आलो तर ताट चाटूनपुसून साफ. कुत्र्यानं खाल्लं असंल.

"ताट खाली पडलं होतं का?"

"नाई. जागेवरच होतं."

गव्हाण कमरेएवढी उंच होती. सुहासिनीबाईंनी उकंडराव आणि सेवादासला अंगणात बोलावलं. मागोमाग अर्धं गाव आलं.

"सेवादास, माळ तू काढलीच नाहीस," त्या म्हणाल्या. "हातानं काढली तर बक्कल सुटतं. इथं बक्कल लागलेलं आणि पट्टा तुटलेला. माळ गळ्यातच तुटली."

सेवादासनं मान खाली घातली. बैल न बांधताच तो जेवायला गेला होता. आला तेव्हा दोन्ही बैल अंगणात होते, माळ नव्हती. मालक रागावतील म्हणून खुंटीची गोष्ट रचली.

"म्हणजे यानंच..." साकेत सुरू झाला.

"तुझा शर्ट बघ. ही खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर चोळलेली हळद आणि शिंगांचा हिंगूळ. बैल नसलेल्या गोठ्याच्या खांबाला हे लागलं कसं? आणि कमरेएवढ्या गव्हाणीतलं ताट जागेवर ठेवून चाटणारं कुत्रं मी तरी पाहिलेलं नाही. एरवी एकटा बैल दिसला की माणसं हाकलतात; पोळ्याला दारोदार फिरणाऱ्या बैलाकडे कोण बघतं? उकंडराव, हौश्या सोडा."

उकंडरावांच्या गोठ्यात हौश्याचं दावं सुटलं. तो रस्त्यावर आला, गल्ली वळला आणि कुणाकडे न बघता घनश्यामच्या गोठ्यात शिरला. त्याच खांबाला त्यानं मान घासली, गव्हाणीत तोंड घातलं. त्या दिवशी माळ तुटली ती इथंच; पोळी खाऊन, घरात कुणी नाही म्हणून तो आपला उकंडरावांकडच्या सोबत्याकडे परत गेला होता.

उकंडरावांनी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घनश्याम, चोरी झालीच नाई. चूक माही. ठाण्यात मीच लिहून देतो."

त्या जबाबावर, चोरी नव्हे, गैरसमज, असा अहवाल पोलीस कोर्टात पाठवतील, असं साकेतनं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. तेवढं तरी त्याला जमलं. मावशीकडे बघताना त्याची छाती उगीच फुगली होती.

उकंडराव म्हणाले, माळ ठाण्यातून सुटली की तुझ्याच गोठ्यात लाव.

"माळ तुमची हाय," घनश्याम म्हणाला. अर्पिता त्याच्या शेजारी उभी होती. "पोळ्याले बैल मात्र पयले माह्या दारी आना."