तीनशे किलोमीटरला पाव लिटर

हे माझ्याच घरात घडलं आहे. ऐकीव नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मला भास झाला असेल असं सांगायला येऊ नका. पस्तीस वर्षं मी तंत्रशाळेत मुलांना इंजिन शिकवलं. कारणाशिवाय काही घडत नाही, हे मीच फळ्यावर लिहीत आलो.

आणि ती रात्र नव्हती. रविवारची सकाळ होती. साडेसात वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ ऊन पडलं होतं.

मी वर्तमानपत्र उघडलं...

पहिल्या पानावर तेलाची रेघ होती.

काळी. ओली. वीतभर लांब, बोटाहून अरुंद. शेवटी एक थेंब पसरलेला.

डिपस्टिक म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी. ती बाहेर काढून कागदावर ठेवली, तर अगदी अशीच रेघ उमटते.

पण आमच्या गाडीची डिपस्टिक मी आदल्याच संध्याकाळी सील केली होती.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर काही कळायचं नाही.

माझा धाकटा भाऊ सात मुलांना गाडीतून शाळेत नेत-आणत असे. गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. तेल पिऊ लागली, म्हणून त्याने पान्याकडून इंजिनाच्या रिंगा, म्हणजे तेल वर जाऊन जळू न देणारी पिस्टनवरची कडी, बदलून घेतल्या. पाना म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. वर्गात हातातून पाना सुटायचा नाही, म्हणून पोरांनी ते नाव ठेवलं. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं.

रिंगा बदलल्या, तरी गाडी तेल पीतच राहिली. आठवडाभराने धाकटा पान्याच्या गॅरेजात भांडायला गेला. भांडता भांडता छातीला हात लावून खाली बसला.

उठला नाही.

दोन वर्षं झाली. ही दोन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो, पान्याने रिंगा बदलल्याच नाहीत. माझ्या भावाला फसवलं आणि मारलं. मी शिकवलेला मुलगा! त्याचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझा शब्द लोक मानतात. पान्याकडे गाड्या जाईनाशा झाल्या. मला त्याचं समाधान वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आता तीच गाडी माझी पुतणी चालवते. तीच मुलांची फेरी.

"काका, ही अजून पिते," ती म्हणाली. "तीनशे किलोमीटरला पाव लिटर. पहिल्या दिवसापासून. मागे सात मुलं असतात हो. एखाद्या दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम झालं तर?"

मी म्हटलं, थांब. मी आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. ह्या वेळी पुरावा घेऊनच पान्यासमोर उभा राहतो.

शुक्रवारी गाडीखाली पुठ्ठा पसरला. शनिवारी सकाळी पुठ्ठा कोरडा. म्हणजे गळती नाही.

थंड इंजिन चालू केलं. मागे निळा धूर नाही. रेटून वेग दिला. तरीही नाही. म्हणजे तेल जळतही नाही. प्लग काढून पाहिले, कोरडे आणि फिकट तपकिरी. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. मग चारही सिलिंडरचा दाब मोजला.

चारही सारखे. उत्तम.

"काका, म्हणजे रिंगा चांगल्या आहेत?" पुतणीने विचारलं.

"गप्प बस," मी म्हणालो.

आयुष्यात कुठल्या मुलावर मी आवाज चढवला नव्हता. तिच्यावर चढवला. कारण मला दोष सापडायला हवा होता. आणि तो सापडत नव्हता.

मग शेवटची परीक्षा. गाडी सपाट जागी उभी केली, दहा मिनिटं थांबलो, तेल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरलं. तेलाचं झाकण, तेल सोडायचा खालचा बोल्ट आणि डिपस्टिक, तिन्हीवर पुतणीचं लाल नेलपॉलिश लावलं. कोणी हात लावला तर भेग पडणारच. किलोमीटर लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेघ.

पुतणी हसली. "तुमचेच हात तेलकट असतील. नाहीतर पेपरवाल्याची सायकल तेल पीत असेल!"

मी गाडीच्या शेडमध्ये गेलो. नेलपॉलिश जसंच्या तसं.

सोमवारी रेघ आतल्या पानावर होती. घडीच्या आत.

मंगळवारी मी पेपर बंद केला. रात्री दाराला आतून कडी घातली. बुधवारी सकाळी टेबलावर फक्त माझी वही होती.

वहीत रेघ होती...

आणि मी ती बघत असतानाच शेडमधून आवाज आला.

खट्.

बॉनेट पडल्याचा आवाज. धाकटा बॉनेट कधीच दाबून लावत नसे. हातभर उंचीवरून सोडून द्यायचा. मी त्याला शंभरदा रागावलो होतो त्यावरून.

धावत गेलो. शेड रिकामी. पुतणी गाडी घेऊन मुलांना सोडायला गेली होती.

गाडीच तिथे नव्हती...

शुक्रवारी तीनशे किलोमीटर भरले. नेलपॉलिशला एक भेग नव्हती. मीच ते खरवडलं. डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली, काढली.

पाव लिटर कमी.

गळत नव्हतं. जळत नव्हतं. कोणी काढलं नव्हतं. आणि तरी कमी होतं.

शनिवारी मी पान्याच्या गॅरेजात गेलो. तिथे एकच गाडी उभी होती. तीसुद्धा त्याची स्वतःची. मी दारातूनच ओरडलो, "काय केलंस तू त्या इंजिनाला?"

पाना हात पुसत बाहेर आला. तोही पेटलेलाच होता.

"दोन वर्षांनी आलात, सर? या. रिंगा बदलल्या मी. नव्या. तुमच्या भावाच्या समोर."

"मग तेल का प्यायली?"



"हे तुम्ही मला विचारताय? नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसायला वेळ लागतो. दोन हजार किलोमीटरपर्यंत तेल पितात, घाबरायचं नाही, भरत राहायचं. फळ्यावर तुम्हीच लिहून दिलं होतंत. भाऊंनी फोन केला तेव्हा मी हेच सांगितलं. म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर दादांना विचारा. त्यांनीच शिकवलंय मला." त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "विचारलं नाही का त्यांनी?"



विचारलं होतं.

त्या रविवारी सकाळी साडेसात वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होतो. धाकटा हातात डिपस्टिक घेऊनच आत आला. म्हणाला, "दादा, हे बघ. रिंगा बदलून तीनशे किलोमीटर झाले, पाव लिटर कमी. फसवलं का रे मला?"

डिपस्टिकवरून एक थेंब उत्तरपत्रिकेवर पडला.

मी चिडलो. मुलाचा कागद खराब झाला म्हणून चिडलो. मान वर न करता म्हणालो, "फसवलं तुला. हो बाजूला."

परक्या मुलांना एकच गोष्ट दहा वेळा समजावणारा मी. सख्ख्या भावाला दोन वाक्यं सांगायला मला वेळ नव्हता.

तो तसाच निघून गेला. पान्याकडे.

मी पान्याला हे सगळं सांगितलं. हात जोडले. त्याने माझे हात खाली केले, पण चेहरा सैल केला नाही.

"मला सांगून काय उपयोग, सर? ज्यांना ज्यांना माझ्याबद्दल सांगितलंत, त्यांना सांगा."

सांगतो आहे. घरोघर जाऊन सांगतो आहे. इथे लिहितोय तेही त्याचसाठी. घरी येऊन रिकाम्या शेडमध्येही मोठ्याने म्हणालो, "नाही रे, तुला कोणी फसवलं नव्हतं. मी चुकलो."

त्या दिवसापासून गाडीने थेंबभर तेल प्यायलेलं नाही. तीन हजार किलोमीटर झाले. पातळी वरच्या खुणेवर. पुतणी खूश आहे. रेघाही थांबल्या.

मला वाटलं, मिटलं.

आज रविवार आहे. साडेसात वाजून गेलेत. मी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून हे लिहितो आहे. दाराला आतून कडी आहे.

वरच्या ओळीत "मिटलं" लिहिलं, आणि त्या शब्दावर काहीतरी पडलं.

काळं. गोल. हळूहळू कागदात पसरतंय...

छतावरून नाही. छत कोरडं असणार. कोणीतरी टेबलाजवळ उभं राहून हातातलं काहीतरी माझ्यासमोर धरलं, की थेंब जिथे पडेल, तिथे तो पडलाय.

मला फक्त मान वर करायची आहे.

दुसरा थेंब पडला.