दारातला मुकादम

सन दोन हजार तेवीस, फाल्गुन महिना. शिमगा होऊन नऊ दिवस झाले होते आणि ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशी सकाळी आठला मी गिरगावात कामावर गेलो. खोताच्या वाडीच्या पुढच्या गल्लीत एक जुनी लाकडी चाळ आहे. तिची तळमजल्याची मोठी तुळई बदलायची होती. एवढंच काम.

खोली म्हणजे एके काळचा छापखाना. यंत्रं भंगारात गेली होती, शाईचा वास राहिला होता. खिडकी नव्हती. गल्लीकडं एक दार, तेवढाच उजेड. दहा पावलं आत गेलं की भर दुपारी बॅटरी लागायची. मधोमध सागाची तुळई, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाहेरून धड दिसायची. सुरी खुपसली तर मुठीपर्यंत आत जायची. वाळवी.

अशा कामाला वरची माणसं हलवतात. इथं हलवता आली नाहीत. बरोबर तुळईच्या डोक्यावर मालन आजीची खोली, आणि तिची सून शैला बाळंत झाली होती. मुलगी, अठरा दिवसांची. मी स्वतः वर जाऊन सांगितलं.

आजी म्हणाली, "सव्वा महिना बाळंतीण खोलीतून हलायची नाय. माझ्या सासूनं मला हलवलं नाय, मी हिला हलवणार नाय."

"आजी, खालची तुळई पोकळ आहे."

"मग तू कशाला आलायस? मुकादम ना तू?"

मुकादम मी होतो.

तुळईचं काम मी एकोणतीस वर्षं घेतलं नव्हतं. स्लॅब, प्लास्टर, लाद्या, सगळं केलं. तुळई आली की दुसऱ्याचं नाव सांगायचो. या वेळी नाक्यावर कोणीतरी म्हणालं, मुकादम आता म्हातारा झाला. म्हणून घेतलं.

दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावायचे, भार त्यांच्यावर घ्यायचा, मग तुळई काढून तिच्या जागी गर्डर सरकवायचा, असं ठरलं होतं. गर्डर चौथ्या दिवशी येणार होता. तोवर टेकू सांभाळायचे. म्हणजे रोज सकाळी हातोडीनं ठोकून बघायचे. भार घेतलेला टेकू आखूड, कोरडा वाजतो. सैल टेकू थाळीसारखा घुमतो.

धोंडू मुकादम आत पाऊल न टाकता दारातून सांगतो कुठला टेकू सैल आहे, असं माझं नाव होतं. आत दगडू ठोकायचा, मी उंबऱ्यावर उभा राहून कान द्यायचो. लोक कौतुक करायचे. मी करू द्यायचो.

दगडू माझ्याबरोबर बारा वर्षं आहे. पन्नाशीचा गडी, कामाला वाघ, तोंड बंद राहत नाही. त्या दिवशीही म्हणाला, "ओ मुकादम, या की आत. भूत नाय इथं. असलं तरी माझ्याकडं बिडी मागेल, तुमच्याकडं कोण मागतोय!"

अकरा टेकू लावले. संध्याकाळी सगळे ठोकले. अकराही कोरडे वाजले. मी कुलूप लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूनं पहिला टेकू ठोकला. घुमला. दुसरा ठोकला, तोही घुमला. तो पुढं पुढं गेला. अकरावाही घुमला.

"परत ठोक," मी म्हटलं.

"ठोकायचं काय त्यात. हातानं हलतायत. दोन सूत, पाव इंच फट आहे, मुकादम. पत्र्याची पट्टी आरपार जातेय."

तुळई खचली असती तर टेकू आणखी आवळले गेले असते. सैल झाले म्हणजे तुळई वर उचलली गेली होती. पोकळ तुळई, तिच्यावर एक बिऱ्हाड. टेकूंवर भार नव्हता. मग कोणावर होता?

मी इंजिनिअर हर्षवर्धन साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "लाकूड सुकतं हो मुकादम. टाइट करून घ्या."

घेतले. दगडूनं अकराही आवळले. शेवटच्याला पाना लावताना तो मधेच थांबला.

"गप्प राहा जरा," तो म्हणाला. मी गप्पच होतो.

वरून बाळंतिणीच्या धुरीचा वास फळ्यांतून खाली येत होता. त्याच्याखाली शाईचा. आणि त्याच्याही खाली तिसरा वास, घामाचा आणि ओल्या चुन्याचा. मग मला आवाज आला. माणूस ओझं पेलून उभा असतो तेव्हा श्वास पुरा घेत नाही, वरच्यावर तोडून सोडतो. हं… हं… हं… खोलीच्या मधोमध. दगडू कडेला होता.

"तू धापा टाकतोयस काय?" मी विचारलं.

"मी कशाला टाकू," दगडू हळू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेकू पुन्हा सैल. पुन्हा दोन सूत. दोरी धरून माप घेतलं. तुळई चार सूत वर आली होती. आम्ही आवळायचो तेवढी ती आणखी वर जायची. आम्ही भार घेणं कोणाला पटत नव्हतं.

मालन आजी गॅलरीत उभी होती. "अरे मुकादमा, खाली करतोस काय? चुलीवरचं पातेलं आपलं आपण भिंतीकडं सरकतंय. दार ओढून ओढून लावावं लागतं. पोरगी दचकते."

"आजी, आजच्या आज खाली उतरा. ऐका माझं."

माझा आवाज ऐकून ती पहिल्यांदा घाबरली. "आज अवस नाय, काय नाय… बरं. उद्या सकाळी माझा भाऊ टॅक्सी घेऊन येईल. उद्या उतरतो."

त्याच वेळी आतून दगडूनं हाक मारली. बॅटरी खाली धरून तो उभा होता.

"इथं कोण उभं होतं? पायाचे ठसे आहेत. ओले. लादी खाली दबलीय, मुकादम, एवढं वजन पडलंय." तो वाकला. "डाव्या पायाला करंगळी नाय."

मी दाराची चौकट धरली.

आता जे सांगतो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

चौऱ्याण्णव साली डिलाईल रोडला एका चाळीत आम्ही अशीच तुळई बदलत होतो. मी आणि रमाकांत. माझ्या गावचा. सुतार. आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. डाव्या पायाची करंगळी त्याची लाकूड तासताना स्वतःच्याच वाकसानं गेली होती. तेव्हा लोखंडी टेकू कमी, लाकडी बल्ल्या लावायचे. दुपारी मधल्या बल्लीचा पाय सरकला. रमाकांतनं तिला खांदा लावला आणि ओरडला, "धोंडू, जॅक आण! हिच्या पायाखाली घालायचा!"

मी धावलो. दोन चाळी सोडून दुसरं काम चालू होतं, तिथून स्क्रूचा जॅक उचलून आणला. दारात आलो. वरून चुना गळत होता. रमाकांतनं मान वळवून मला पाहिलं. हसला.

"आलास? हात भरून आले रे. घाल खाली."

दहा पावलं होती. मी गेलो नाही. जॅक हातात घेऊन उंबऱ्यावर उभा राहिलो. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ. त्याचं हसू गेलेलं मी पाहिलं. मग वरचं सगळं खाली आलं.

मी लोकांना सांगितलं, पोहोचायला उशीर झाला. त्याची बायको राधा वहिनी रडत म्हणाली, "तुम्ही धावलात तरी, भावोजी." मी ऐकून घेतलं. त्यानंतर कुठल्याही तुळईखाली मी पाऊल टाकलं नाही. लोक म्हणाले, काय कान आहे मुकादमाचा.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला गर्डरचा टेम्पो गल्लीत आला. मालन आजीचा भाऊही टॅक्सी घेऊन आला होता. तो वर गेला आणि लगेच गॅलरीतून ओरडला, "दार उघडत नाय!"

वरच्या खोलीची जमीन उचलली गेली होती आणि चौकट दारावर चावून बसली होती. आत आजी, शैला आणि मूल. शैलाचा आवाज मला खाली फळ्यांतून ऐकू येत होता. "आई, भिंतीला भेग पडतेय. आई, वाढतेय ती…"

वरची जमीन पेलणारे वासे एका टोकाला तुळईवर आणि दुसऱ्या टोकाला भिंतीच्या खाचेत चार बोटं बसलेले असतात. तुळई अशीच वर गेली तर ते खाचेतून निघणार. मग बाळंतिणीची खोली सबंध खाली.

"दगडू, पहार घे, वर जा. सगळ्या गड्यांना घेऊन जा. दार फोडा."

"आणि तुम्ही?"

"जा म्हटलं ना!"

ते जिन्यावर पळाले. मी एकटा उंबऱ्यावर राहिलो. आतून श्वास येत होता. आता तो तुटत होता. हं… हं… मग थांबायचा. पुन्हा हं… बाहेर टेम्पोत आमचं सामान होतं. त्यात स्क्रूचा जॅक होता. तो मी उचलला. बासष्ट वर्षांच्या हाताला जड लागला.

पुन्हा दारात आलो. पाय थांबले. तिथंच, जिथं थांबायचे.

अंधारातून आवाज आला. मोठा नाही. "धोंडू… आलास?"

वर मूल रडायला लागलं.

मी आत गेलो. दहा पावलं मोजली. माझ्या डोक्यावर चुना पडत होता, डोळ्यांत जात होता. मधोमध दोन पायांचे ठसे होते, ओले, लादीत दबलेले. मी त्यांच्या मधे गुडघे टेकले. घामाचा वास इतका जवळ की मला माझाच वाटला. जॅक ठेवला. त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. तुळई वर सात हातांवर. मधे नुसता अंधार.

मी दांडा फिरवला. एक फेरा. दोन. स्क्रू मोकळा वर जात होता. तिसऱ्या फेऱ्याला तो कशाला तरी टेकला. हाताला कळतं. लाकूड होतं, बल्लीच्या पायासारखं. दांडा जड झाला, मी दोन्ही हातांनी रेटला, आणि जॅकनं भार घेतला. खाली लादी करकरली.

"घेतलं," मी म्हटलं. "सोड, रमाकांत."

श्वास चालूच होता, माझ्या कानाशी.

"सोड रे. जॅकवर आहे आता."

"तू दारात होतास…"

"होतो."

"जॅक हातात होता…"

"होता. मी भ्यालो." हे शब्द माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाले. "मी भ्यालो, म्हणून आलो नाही."

वर पहारीचे घाव बसत होते. मग कोणीतरी फार दिवस धरलेला श्वास एकदम सोडला. माझ्या मानेवरून तो गेला. थंड होता. तुळई करकरत खाली बसली आणि अकरा टेकूंनी एकामागून एक भार घेतला. आखूड, कोरडा आवाज. अकरा वेळा. वर दार आपलं आपण उघडलं, आणि पहार घेतलेला माणूस तोंडावर आपटला असं मला नंतर कळलं.

मालन आजी, शैला आणि मूल खाली उतरून टॅक्सीत बसेपर्यंत मी आतच होतो.

दगडू आला. मला आत बघून उंबऱ्यावरच थबकला. मग बॅटरी मारत पुढं आला.

"हा जॅक कशाला लावलाय मोकळा? गर्डर आत घ्यायचाय, उचलतो." त्यानं हात घातला. जॅक हलला नाही. त्यानं दांडा उलटा फिरवायला बघितला, पाय लावून रेटला. मग जॅकच्या वर हात फिरवला. हात मोकळा फिरला. तो माझ्याकडं बघायला लागला.

"वर कायच नाय, मुकादम… मग फिरत का नाय?"

"राहू दे तो तिथंच," मी म्हटलं. "भार आहे त्याच्यावर."

गर्डर आम्ही बाजूनं सरकवून घातला. जॅकला कोणी हात लावला नाही.

रमाकांतला जॅक द्यायचा होता. तो मी दिला.