चौदा की पंधरा

वाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सचं मशीन आणि कधीचा बंद पडलेला पाण्याचा कूलर यांच्या मधल्या जागेत प्रेक्षक प्रतिक्रिया विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन, एक जाडजूड रजिस्टर आणि ती. ऑफिसात तिला सगळे 'उत्तरबाई' म्हणत, कारण विभागाचा एकच नियम होता आणि तो पाळणारी ती एकटीच होती: नोंदलेला एकही प्रश्न उत्तरावाचून राहता कामा नये. दर रविवारी दुपारी चारच्या कार्यक्रमाआधी निवेदिका पाच मिनिटं ही उत्तरं वाचून दाखवी. उत्तरं उत्तरबाई लिहायची, आणि सारी कौतुकाची पत्रं निवेदिकेला यायची.

त्या रविवारी 'सहा पदरी' नावाचा माहितीपट लागला. महामार्ग, आणि त्यावर माणसं गाडी किती वाईट चालवतात, या विषयावर पन्नास मिनिटं. सोमवारी सकाळपासून फोन घणघणायला लागला. संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा. त्यातल्या दोनशे चार जणांचं म्हणणं अगदी एक होतं: माहितीपट शंभर टक्के खरा आहे आणि तो त्यांच्या मेहुण्याने बघायला हवा. एका बाईंच्या नवऱ्याने सोफ्यावर बसल्या बसल्या कचकन ब्रेक दाबला होता आणि टीपॉय मोडला होता. एका गृहस्थांची तक्रार होती, की बाविसाव्या मिनिटाला उलट्या बाजूने येणारी गाडी त्यांची आहे, पण नंबरप्लेट पुसट केल्यामुळे घरात कुणी विश्वासच ठेवत नाही.

उरले पाच. ते तिने वेगळ्या कागदावर लिहिले. रजिस्टरमध्ये तक्रार, कौतुक, सूचना आणि शिवीगाळ असे चारच रकाने होते आणि हे पाच कुठेच बसत नव्हते.

"अडतिसाव्या मिनिटाला ते निळ्या गाडीतले काका आहेत ना," पहिला म्हणाला, "नऊ नंबरच्या वळणाच्या पाटीपाशी. डावीकडचा इंडिकेटर चालू, पण वळत काही नाहीत. मागच्या खिडकीतून लाकडी शिडी बाहेर आलेली. टोकाला लाल रुमाल."

"तक्रार म्हणून लिहू?"

"छे हो, तक्रार कसली! इतकं सांभाळून चालवत होते. घरी नीट पोचले का, एवढंच विचारायचं होतं."

तिने पेन खाली ठेवलं, मग उचललं, मग टोपण लावून पुन्हा खाली ठेवलं.

तिचे बाबा निळी गाडी चालवायचे. इंडिकेटर बंद करायला ते विसरत, हे घरातलं सर्वांत जुनं भांडण. "मी वळणार आहे हे लोकांना आधीपासून ठाऊक असलेलं बरं," ते म्हणायचे, "कधी, ते माझं मी बघीन." शेजारच्या सीटवर बसून "अहो, इंडिकेटर चालू राहिलाय" म्हणणं हे आईचं काम होतं आणि ते तिने बत्तीस वर्षं बिनपगारी केलं. सव्वा वर्षापूर्वी लेकीने नवं घर घेतलं तेव्हा बाबा पडदे लावायला शिडी घेऊन निघाले. आईची दाढ दुखत होती, म्हणून एकटेच. नऊ नंबरच्या पाटीपाशी त्यांनी गाडी नियमाप्रमाणे कडेला घेतली आणि लेकीला फोन लावला. वळण चौदा की पंधरा, हे त्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही.

तो फोन तिने उचलला नाही. प्रेक्षकाशी बोलत असताना घरचा फोन घ्यायचा नाही, असा तिचा स्वतःचाच शिरस्ता होता. रजिस्टरमध्ये ती नोंद अजून आहे: 'अकरा चाळीस ते बारा दोन. हवामान सांगणाऱ्याच्या कोटाच्या बाह्या आखूड आहेत.' बाबांचा फोन अकरा बावन्नला आला होता. गस्तीची गाडी पोचली तेव्हा ते मान मागे टेकून शांत बसलेले होते. हृदय थांबलं होतं. इंडिकेटर चालू होता.

शिडी गाडीबरोबर भंगारात गेली. पडदे अजून लागले नव्हते. आई आता तिच्याकडेच राहायची आणि खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली होती.

मंगळवारी ती संकलनाच्या खोलीत गेली. तिथल्या माणसाला सगळे 'कात्री' म्हणत. त्याने अडतिसावं मिनिट तीनदा लावून दाखवलं. पुलावरून घेतलेला रिकामा रस्ता. वीस सेकंद. एक हिरवी पाटी आणि तिच्यावर एक कावळा.

"निळी गाडी कुठाय?"

"गाडीच नाही. फक्त कावळा आहे, आणि तोसुद्धा आपली लेन सोडत नाहीये. वीस सेकंदांत पंख हलवत नाही पठ्ठ्या. मला आधी वाटलं, चित्र अडकलं."

"पाटीवर नंबर काय आहे?"

कात्रीने चित्र मोठं केलं. "दिसत नाही. कावळ्याची शेपटी आलीय मधे."

साहेबांच्या मते जितके फोन तितकी लोकप्रियता, मग ते शिव्यांचे का असेनात. त्यांनी 'सहा पदरी' पुढच्या रविवारीही लावायचं ठरवलं. या वेळी अडतिसाव्या मिनिटासाठी एकोणीस फोन आले. काकांना बघून कुणाला आपले मास्तर आठवले होते, कुणाला सासरे. मागून हॉर्न वाजवण्यात हयात घालवलेला एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, मी टीव्हीसमोर बसून त्यांना पुढे जा म्हणून हात केला. त्यांनीही केला." काका अकरा नंबरच्या पाटीपाशी होते. तिने दोनदा विचारून घेतलं. अकराच.

तिसऱ्या रविवारनंतर ते तेरावर होते.

तिने नकाशा काढला. तेरानंतर चौदा. चौदाची पाटी झाडाआड आहे, बाबा ती हमखास चुकवायचे. मग पंधरा. पंधरा हुकला, की पुढे पासष्ट किलोमीटर वळण नाही. आणि बाबा चुकले की मागे फिरत नसत. पुढे कुठेतरी येईलच, म्हणत जातच राहत.

बुधवारी एका आजींचा फोन आला.

"अगं, तुझ्या त्या कार्यक्रमातल्या गृहस्थांनी काच खाली केली आणि मला विचारलं, चौदा की पंधरा?"

"तुम्हाला विचारलं?"

"मग घरात दुसरं कोण आहे? मी म्हटलं, मी या भागातली नाही. तर म्हणाले, असू दे, फोन करून विचारा, ती उत्तर देतेच. चेहऱ्यावरून दमलेले वाटले गं."

उत्तरबाईने रजिस्टर उघडलं. चारही रकाने ओलांडून, आडव्या अक्षरात, प्रश्न नोंदला. एकदा नोंदला, की उत्तर द्यावंच लागतं.

शुक्रवारी साहेबांनी तिचा मजकूर वाचला आणि चष्मा वर केला. "हे काय? कुणाला पत्ता देताय?"

"प्रेक्षकाचा प्रश्न आहे, साहेब. नोंद आहे."

"आणि शेवटी ही माफी कशाबद्दल?"

"त्यांना फार वेळ थांबावं लागलं."

साहेबांनी विचार केला. "राहू दे मग. विनम्र वाटतं."

रविवारी आई नेहमीप्रमाणे टीव्हीकडे पाठ करून बसली. हातात विणकाम, उगाचच. चारला पाच कमी असताना निवेदिका हसून वाचू लागली:

"एका प्रेक्षकांनी विचारलं आहे, चौदा की पंधरा? उत्तर: चौदा. पाटी झाडाआड आहे, हळू या. पेट्रोलपंपाच्या अलीकडे डावीकडे वळा. पिवळी इमारत, चौथा मजला. लिफ्ट बंद आहे. त्या दिवशी फोन घेता आला नाही, त्याबद्दल मनापासून क्षमस्व."

आईच्या सुया थांबल्या. तिने मान वळवली नाही. "झाडाआड आहे हे बरं सांगितलंस," एवढंच म्हणाली.

माहितीपट सुरू झाला. आईने खुर्ची फिरवून घेतली.

छत्तीस. सदतीस.

अडतिसाव्या मिनिटाला रिकामा रस्ता आला. पाटी. कावळा. दोघी बघत होत्या. निळं काही नव्हतं.

मग पाटीखालून काहीतरी गेल्यासारखा कावळा दचकला आणि उडाला. शेपटीमागचा आकडा दिसला. चौदा.

तिने टीव्ही बंद केला. ऊन वर्तमानपत्रांतून झिरपून खोलीत पिवळं पडलं होतं.

खालून, अंगणातून, आवाज आला.

टिक. टक. टिक. टक.

आई उठली. खिडकीपाशी गेली. कागद बाजूला केला नाही. कागदालाच तोंड लावून, जराशा वैतागाने म्हणाली, "अहो, इंडिकेटर चालू राहिलाय."

आवाज थांबला.

मागोमाग आलेल्या लेकीला आईचा हात धरावासा वाटला. तो आधीच तिच्या हातात होता.

गाडीचं दार लागलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यात, पहिल्या वळणावर, काहीतरी लांब आणि लाकडी भिंतीला घासलं. थोडा दम खाऊन, दुसऱ्या वळणावर.

"भिंतीचा रंग काढणार हे," आई म्हणाली, आणि शिडीला जागा व्हावी म्हणून खिडकीखालची खुर्ची तिने सरकवून ठेवली.