नाडीपट्टा

सोमवारी सकाळी नऊ वाजता आकडे लागले, तेव्हा महानंदाबाई बिरादारांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. परीक्षा लेकीची आणि उपास आईचा, ही त्यांच्या घरातली रीत. कस्तुरीच्या दहावीला त्यांनी गुरुवार धरले, बारावीला संकष्टीची भर पडली, आणि आता लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला म्हणून सोमवारही सुरू झाले. आठवड्याला वार तरी पुरतील का, असं कस्तुरी चिडवायची. "तू अभ्यासाचं बघ माय, देवाचं मी बघते," म्हणत त्या शिलाई मशीन चालवत राहायच्या.

उदगिरात त्या दिवसांत आकडा म्हटलं की एकच, संधी-अंक. डॉक्टरकीचा प्रवेश बारावीवरून काढून पदवीनंतर नेला, त्याला सहा वर्षं झाली होती. त्याच्याबरोबर नाडीपट्टा आला. दिसायला साधं घड्याळच, पण वर्षभर मनगटावर बांधायचा, दिवसाचे वीस तास. नाडी, झोप, बोटांची हालचाल, भीतीने सुटणारा घाम, सगळं तो टिपायचा. त्या नोंदी आणि तीन वर्षांचे गुण एकत्र करून यंत्र सांगायचं, या पोराला डॉक्टर व्हायची संधी शंभरात किती. चाळीसच्या खाली आकडा आला की प्रवेश परीक्षेला बसूच देत नसत. मुलांची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून, असं सरकारी पत्रकात लिहिलेलं. केवढी ती काळजी!

कस्तुरीचा ऑगस्टमधला पहिला आकडा बहात्तर होता. त्यानंतर ती प्रत्येक चाचणीत कॉलेजात पहिली आली होती. आज शेवटचा आकडा. तिने फोन उघडला आणि तिथेच खाटेवर बसली.

सात.

"किती आला गं?" आतून आईचा आवाज आला.

"अजून लागला नाही," कस्तुरी म्हणाली. अंगात पांढरा ॲप्रन चढवला आणि प्रॅक्टिकल आहे असं सांगून ती घराबाहेर पडली.

प्राणिशास्त्राचे हाश्मी सर कॉलेजातल्या मुलांचे आकडे उलगडून सांगायचे. त्यांनी तिचं पान उघडलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून दार लावून घेतलं.

"गुण उत्तम आहेत. झोप ठीक आहे. बेटा, तू अभ्यासात कुठेच कमी पडलेली नाहीस."

"मग सात कसे, सर?"

"हे सांगायची मला परवानगी नाही." सरांनी आवाज खाली आणला. "एक जागा द्यायची म्हणजे तीस वर्षांचा डॉक्टर घडवायचा, असं ते धरतात. म्हणून यंत्र तीस वर्षं पुढचं बघतं. त्याचा एक रकाना असतो, तो मुलांना दाखवत नाहीत. टिकाव म्हणतात त्याला."

"माझा टिकाव किती?"

"हातांचा, तीन वर्षं." सरांनी बोट त्या रकान्यावर ठेवलं. "कंपवाताची सुरुवात दिसते आहे. बोटांत इतका बारीक कंप, की डोळ्याला कळत नाही. आज कुठल्या डॉक्टरकडे गेलीस तर तोही म्हणेल, काही नाही, घरी जा. पट्ट्याला मात्र आठ महिने रोज दिसतोय."

कस्तुरीने दोन्ही हात टेबलावर पसरले. एकविसाव्या वर्षी कंपवात! तिने बोटांकडे टक लावून पाहिलं. गेल्याच आठवड्यात तिने झुरळाची मज्जासंस्था अख्खी सोडवली होती, एक धागा तुटला नव्हता. आताही भीतीने छाती धडधडत होती, पण बोटं होती तशी स्थिर होती.

मग तिची नजर ॲप्रनच्या बाहीवर गेली. आईने दिवाळीनंतर शिवलेला ॲप्रन. बाहीची शिवण सरळ निघून मध्येच वाकडी झाली होती, पुढे पुन्हा सरळ. सगळ्या गल्लीत जिच्या हातचा ब्लाउज डोळे झाकून घ्यावा, त्या बाईची शिवण!

आठ महिने. बरोबर आठ महिन्यांपूर्वी पट्ट्याखाली कस्तुरीच्या मनगटाला पुरळ उठलं होतं. लाल, ठणकणारं. वीस तास भरले नाहीत तर अर्ज बाद. "त्यात काय एवढं?" आई म्हणाली होती. "तुझ्यासाठी उपास करते, तर पट्टा घालू नको का? आण इकडं." पट्टा बांधताना ओळखीसाठी तेवढा कस्तुरीचा अंगठा लागायचा. रोज दुपारी कॉलेजातून आली की ती आईच्या मनगटावर पट्टा ठेवायची, स्वतःचा अंगठा टेकवायची, आणि आई मशीनवर बसायची. दोघी हसायच्यासुद्धा. यंत्राला फसवलं म्हणून!

"सर," कस्तुरीने विचारलं, "पट्टा दुसऱ्या कुणी घातला असेल तर?"

"हरकतीच्या अर्जात तो पहिलाच प्रश्न असतो. नाही म्हटलं तर जुन्या नोंदी पुसतात आणि महिनाभर नव्याने मोजतात. हो म्हटलं तर पाच वर्षं बंदी. नोंदी मात्र त्या दुसऱ्या माणसाच्या नावावर जातात, डॉक्टरला बघता येतात." सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "इतक्या लवकर कळलं तर हा आजार औषधांनी आठ-दहा वर्षं थोपवता येतो. हात थरथरायला लागल्यावर कळलं, तर तेवढा उपयोग होत नाही. असं का विचारतेस?"

"सहज," कस्तुरी म्हणाली आणि उठली.

घरी आई मशीनवर होती. सुईत दोरा ओवत होती. दोरा सुईच्या बाजूने गेला. तिने टोक ओलं केलं, परत लावलं. परत बाजूने गेला.

"मेली नजर गेली बघ माझी," आई हसली. "ओवून दे गं."

कस्तुरीने एका दमात दोरा ओवला. नजर नाही गं गेली आई, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. खरं सांगितलं तर ही काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. माझ्या हाताचं काय घेऊन बसलीस, तू नाही म्हण आणि डॉक्टर हो. म्हणेल आणि खुशाल उद्यापासून आणखी एक वार धरेल.

ती आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं आणि फोनवर हरकतीचा अर्ज उघडला. हा पट्टा आपल्याखेरीज दुसऱ्या कुणी घातला होता का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. नाही म्हटलं की महिन्याभरात बहात्तर, कदाचित ऐंशी. दहावीपासून ज्यासाठी झोप मोडली ते सगळं एका बोटावर. बाहेर मशीन चालू झालं, थांबलं, परत चालू झालं. पूर्वी ते असं थांबत नसे. हे आपल्याला आठ महिने ऐकू कसं आलं नाही, याचीच तिला भयंकर भीती वाटली. डॉक्टर व्हायला निघालेली आपण!

तिने हो दाबलं. डोळ्यांतलं पाणी फोनच्या काचेवर पडलं, ते ओढणीने पुसलं. मग तिने नाव लिहिलं, महानंदा शिवराज बिरादार. नातं, आई.

फोनचा पडदा क्षणभर पांढरा झाला. मशीन थांबलं.

"कस्तुरे, काय करायलीस आत? लागला का आकडा?" आईची पावलं दाराशी आली. "आणि तो पट्टा दे इकडं, माझी वेळ झाली."

फोनवर पुढचा प्रश्न आला होता.

त्या व्यक्तीला हे माहीत आहे का?