मोटरीचा पाय

उजनी धरणाच्या फुगवट्यावर शिडाची होडी माझ्या एकट्याचीच आहे. बाकीच्यांची आहेत ती फळकुटं. पत्रा ठोकलेली, डांबर फासलेली, मासळीच्या वासात मुरलेली. मी साखर कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर आहे. उष्णता हा माझा धंदा. पाणी किती तापलं, कशानं तापलं आणि कुठल्या गाढवाच्या चुकीनं तापलं, हे मला लांबून कळतं. हे आधीच सांगून ठेवतो.

जानेवारीतली दुपार कलली होती. पलीकडच्या काठावरून भीमामावशीच्या मुलाचा, शंकरचा, फोन आला. "आईचं काय खरं न्हाय, दादा. मावशीला घिऊन या. तिचं तोंड बघायचं म्हनतीया."

मावशी थोरली, माझी आई दगडाबाई धाकटी. आई माझ्याकडे जेऊरला असते. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर रात्र झाली असती. पाण्यावरून पाऊण तास.

घाटावर जीपमधून उतरली ती आई सरळ रंगनाथच्या होडीकडे चालू लागली. रंगनाथ माणसं, शेरडं, मोटारसायकली सगळं एकाच होडीत कोंबून पलीकडे नेतो. तो निघण्याच्याच बेतात होता. मी आईचा दंड धरला.

"आपली होडी असताना त्या खोक्यात बसायचं?"

"अरं, त्यो आत्ता निगालाय. लवकर पोचू."

"ते खोकं पोचतं हेच आश्चर्य."

रंगनाथनं ऐकलं. तंबाखू मळता मळता माझ्या शिडाकडं बघत म्हणाला, "सायेब, वारं तर न्हाय. त्या फडक्याजागी एक सोलापुरी चादर बांधा की. म्हातारीला थंडीत पांघराय तरी हुईल." शेरडंवाले खो खो हसले. मग तो जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "चेष्टा ऱ्हाऊ द्या. गावावरनं जाताना तेवढा मोटरीचा पाय उचला."

हे इथलं एक खूळ आहे. वाटेत आईचं आणि मावशीचं माहेर लागतं. लागायचं, असं म्हणू. धरण भरलं तेव्हा गाव खाली गेलं, आता वर तीन पुरुष पाणी आहे. वाळून कोळसा झालेल्या बाभळींचे शेंडे तेवढे वर दिसतात. त्या बाभळी आल्या की इथला प्रत्येक होडीवाला मोटर बंद करतो, तिचा पाण्यातला दांडा, ज्याला हे लोक पाय म्हणतात, वर उचलून ठेवतो आणि वल्ह्यांनी पुढं जातो. का? तर खाली घरोघरच्या चुली आहेत. दुसऱ्याच्या चुलीत पाय घालू नये.

शिकलेली पोरंही हे करतात. खिशात दोन दोन मोबाइल आणि चुलीला घाबरतात.

माझ्या होडीत तर वल्हीच नव्हती. शीड असताना आणि आठ हॉर्सपॉवरची मोटर असताना वल्हं ठेवणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास.

आम्ही निघालो. पाणी काचेसारखं होतं. लांब उथळात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. मोटर गोड चालत होती. मागच्या भोकातून तिला थंड करून आलेल्या पाण्याची बारीक धार पडत होती. मोटरीची तब्येत त्या धारेवरून कळते. मधूनमधून मी धारेखाली बोट धरत होतो. कोमट. जशी हवी तशी.

आई पुढच्या फळीवर पदर आवळून बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली खारीक आणि सुंठ. बहिणीला चाटवायला. बाभळी दिसू लागल्या तशी ती वळली.

"उदय, पाय उचल बाबा."

"वारा नाही, आई. मोटर बंद केली तर इथंच राहू."

"हातानं वल्हवू."

"अंधारापर्यंत? तुला मावशीला भेटायचंय की चुलींना?"

ती पुन्हा बाभळींकडं वळली. मग हळूच म्हणाली, "सांजच्याला तिची चूल पेटल्याली आसती."

"कुणाची?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू बावळट मीच. मी हँडल आणखी पिळलं. होडी बाभळींच्या मधून पुढं गेली.

आधी धार आणखी बारीक झाली. मग तिच्यातून वाफ आली. मी बोट धरलं आणि मागं घेतलं. त्याच क्षणी भोंगा वाजला, मोटर तापल्याचा.

मोटर बंद केली. शांतता इतकी झाली की रोहितांचा कलकलाट ऐकू यावा. पण तोही थांबला होता.

मी घाबरत नसतो. तापलेल्या मोटरीचं निदान शाळकरी आहे. पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णी अडकली, नाहीतर प्लास्टिक. दांडा वर घेतला. जाळी स्वच्छ होती. धारेच्या भोकात तार घातली. मोकळं. मग आतला पाणी ढकलणारा पंखा गेला असणार, असं स्वतःला सांगत मी पाण्यात हात घातला.

वरचं पाणी बर्फासारखं होतं. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटांना ऊन लागलं. आणखी खाली गेला तर पोळलं.

यात एक गोष्ट बसत नाही. गरम पाणी हलकं असतं, ते वर येतं. वर गार आणि खाली ऊन असं पाणी राहूच शकत नाही. बॉयलरवर उभ्या हयातीत मी तसं पाहिलेलं नाही. मी दुसऱ्या बाजूनं हात घातला. तसंच.

"तापलंय न्हवं?" आई म्हणाली.

"सडलेलं झाड असेल खाली. गॅस धरतो."

"व्हय, आसंल." तिनं माझी समजूत घातली, लहान पोराची घालावी तशी.

मोकळ्या पाण्यावर होडी सुटी होती. तरी जागची हलत नव्हती. खुंटाला बांधल्यासारखी.

मग वास आला. शेणीच्या धुराचा, आणि त्यामागून भाजत्या भाकरीचा. चारी बाजूंना कोसभर घर नव्हतं. धूर कुठंच दिसत नव्हता. मी मान वळवून वळवून बघत होतो आणि आई गुणगुणत होती.

*सांजंच्या पारामंदी धूर कुनाचा निगाला,*
*भीमा बहीण माजी, तिनं तवा चुलीवं ठेविला.*

तिनं हात पाण्यात सोडला. मला पोळलं होतं तिथपर्यंत. तिला काही झालं नाही.

"भीमे," ती म्हणाली.

आणि थांबली. माणूस दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेतो तशी.

"व्हय... व्हय, मीच." पुन्हा थांबली. "न्हाय गं, थोरला न्हवं. ह्यो धाकटा, उदय. लई हट्टी हाय."

मी म्हणालो, "आई, कुणाशी बोलतेस?"

तिनं मोकळा हात माझ्याकडं न बघताच वर केला. थांब.

"चुकलं त्याचं. त्याला म्हाईत न्हवतं." बराच वेळ ती ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला. "आज न्हाय यायची मी, भीमे. त्याला घरला पोचवायचं हाय... यीन की. लई दीस न्हाय लावनार."

"आई!"

"पाय वर हाय का रं?"

"हो."

"बांदून टाक. खाली सोडू नगंस."

मी बांधला. गाठ दोनदा निसटली. मोटरीचा चटका बसत होता, दुसरं काही नाही.

वारा आला. एकदम, कुणी दार उघडावं तसा. शीड भरलं, होडी सुटली. बाभळी मागं पडल्या. वास गेला. आई हात पुसत बसली, पदराला पुन्हा पुन्हा. मोटर मी पुढं लावलीच नाही. वारा होता म्हणून.

पलीकडं पोचलो तेव्हा दिवे लागले होते. शंकरच्या अंगणात माणसं बसली होती, आणि माणसं तशी कधी बसतात ते लांबून कळतं.

रंगनाथची होडी कधीच पोचली होती. त्यात बसली असती तर आई बहिणीच्या उशाशी असती. हे मला कुणी म्हणालं नाही.

आई रडली नाही. मावशीच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. खारीक-सुंठीचं फडकं तिनं उशाशी ठेवलं.

शंकर मला बाजूला घेऊन म्हणाला, "चार म्हैनं आई हातरुनातनं उठली न्हवती, दादा. आन दिवेलागनीच्या आदी ताडदिशी उठून बसली. लई तरास झाल्यागत. म्हनली, 'कुनी गं पाय घातला चुलीत?' आन बाकी काय बोललीच न्हाय."

"भ्रम असतो शेवटी," मी म्हणालो.

"व्हय की," शंकर म्हणाला. "पर तिच्या बोटांना वलं पीठ हुतं. म्या आन बायकुनं पुसलं."

दुःखात माणसं काहीही बघतात. मी वाद घातला नाही.

मोटर जेऊरला आणून पडवीत लाकडी घोडीवर टांगून ठेवली. पंधरवडा मी तिला हात लावला नाही. कामं होती. मावशीचं सगळं उरकल्यावर एका सकाळी, कडाक्याच्या थंडीत, हत्यारं घेऊन बसलो. पंखा खराब निघाला की विषय मिटणार होता.

पंखा नवाकोरा होता. एकेक पातं शाबूत.

मग वरचं झाकण खोललं, जिथून पाणी फिरतं तिथलं. आत काहीतरी चिकटलं होतं. मी सुरीच्या टोकानं सोडवलं. पातळ, तांबूस, कडेला काळं. गाळ असावा, क्षार असावेत, म्हणून तळहातावर घेतलं.

भाकरीचा पापुद्रा होता.

लोखंड इतकं गार होतं की बोटं बधिर होत होती. पापुद्र्यानं माझा तळहात भाजला. मी तो टाकला.

आई पडवीच्या दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे. खाली वाकून तिनं तो उचलला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.

"जरा करपलीया," ती म्हणाली. "सांगीन तिला."