माळावरची चूल

मीठ आणि सुई-दोरा विकत बुनथोंगचं अर्धं आयुष्य लाओसमधल्या शियांगखुआंगच्या माळावर गेलं होतं. त्या दुपारी मात्र धुकं असं उतरलं, की पायाखालची वाटच बुडाली. पाटी उतरवून तो बसला, तर समोर एक म्हातारा एकच पाय पसरून कुडकुडत बसलेला.

"शेकोटी पेटव ना, बाळा... हाडं गोठली."

"नवख्या जमिनीवर विस्तव? आजोबा, खाली बोंबी असली तर?"

युद्धात विमानांनी पेरलेल्या, मोसंबीएवढ्या बाँबला तिकडे बोंबी म्हणतात. धग लागली, की तिची पन्नास वर्षांची झोप मोडते.

"ही आमची जुनीच चूल. रोज पेटते इथं."

समोरच्याचा शब्द तोलून घेणारा बुनथोंग थंडीपुढे फसला. काटक्या पेटल्या. ओल्या मातीचा वास सुटला, मग त्यात गंजक्या लोखंडाचा. म्हातारा जाळात हात धरून होता, तरी त्याचं कुडकुडणं थांबेना.

"काका, हलू नका."

बाँब शोधणाऱ्या पथकातली विलायवान. खालच्या गावची, दोन लेकरांची आई. धुक्यातून धुराचा वास आला तशी एकटीच निघालेली. यंत्र जमिनीवरून फिरवायचं, कान द्यायचा, मग एक पाऊल. जाळ वाढत होता, पण तिची चाल तसूभरही बदलली नाही. असं धैर्य बाजारात मिळत नाही, हो!

"आता या. माझ्या पावलावर पाऊल ठेवून."

"आणि आजोबा?"

"त्यांच्याकडे बघू नका..." तिचा आवाज अगदी खाली आला. "माझ्याकडे बघा. मीठ काय भावानं दिलंत?"

"अगं बाई, आत्ता भाव विचारतेस?"

"मग काय, गिऱ्हाईक सोडता?"

त्याला हसू आलं, आणि त्या हसण्यात जड झालेला पाय उचलला गेला. दोघं बांधाआड पडतात न पडतात तोच माळ हादरला. मातीचा सडा अंगावर आला.

"म्हातारा राहिला गं तिथं!" बुनथोंग रडायला लागला.

ती उठली. पुन्हा तसंच, एकेक पाऊल तपासत खड्ड्यापर्यंत गेली आणि बराच वेळ वाकून बघत राहिली.

"कुणी नाही, काका... पण इकडे या."

नुकत्याच उडालेल्या मातीवर ताजे ठसे होते. अनवाणी. सगळे उजव्याच पायाचे. खड्ड्यातून निघून ते खालच्या गावाकडे गेले होते, जिथं संध्याकाळच्या चुली आता पेटत होत्या.