चूलबंद आवतन

मी पिंपळगाव राजाला आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. भूतबीत काही नसतं, हे वर्षातून दोनदा तरी वर्गात ठणकावून सांगते. म्हणून हे शाळेत कुणाजवळ बोलायची सोय नाही. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला सांगते.

आमच्या निसर्ग मंडळातल्या बत्तीस मुलांचं दोन दिवसांचं शिबिर ठरत होतं. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीकाठी एक संवर्धन उद्यान झालंय. तिथे तंबू मिळतात, पक्षी बघायला मचाण आहे. मुलं नेण्याआधी पाणी कुठे, संडास किती, नदीला कुठे खोल आहे, हे सगळं स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या रविवारी दुपारी मी निघाले. सोबत माझी नववीतली मुलगी अर्पिता, तीही मंडळात आहे, आणि आमचे हिंमतराव. गावात कुणाचंही लग्न असो, पंगतीचा स्वयंपाक हिंमतरावांचाच. शिबिरात शनिवारी दुपारी त्यांच्या हातचे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, हे मुलांनीच ठरवून टाकलं होतं.

उद्यानाची देखरेख वामनराव नावाचे गृहस्थ करतात. सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं दाखवलं. तंबूंच्या जागेपलीकडे कडुलिंबांच्या सावलीत दगडी जोत्यांच्या रांगा होत्या, घरं नसलेली नुसती जोती. मध्ये जाळी लावलेली विहीर. आणि उन्हं कलताना वास येत होता... गोवऱ्यांच्या धुराचा, त्यात भाजलेल्या भाकरीचा.

"इथं कोण राहतं?" मी विचारलं.

"कोनीच नाही," वामनराव म्हणाले आणि पुढे चालू लागले.

पलीकडच्या काठावर कुणी स्वयंपाक करत असेल, असं मी धरून चालले. मला तर ती जोती फारच आवडली होती. उंच, सपाट, ओल न येणारी. एकेका जोत्यावर एक तंबू ठोकायचा, असं मी तिथल्या तिथे वहीत लिहूनही टाकलं.

अर्पिता पालकांच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढत होती. म्हणाली, "आई, जेवणाबद्दल काहीतरी बोल ना, मजेशीर." मला असं कुणी म्हटलं की चेव येतो. मी एका जोत्यावर चढले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि गावात पूर्वी जेवणाचं आवतन द्यायचे तशी हाळी दिली.

"होऽऽ... येत्या शनिवारी दुपारी रोडग्याचं जेवन हाये होऽऽ... साऱ्या गावाले चूलबंद आवतन हाये!"

चूलबंद म्हणजे घरातल्या एका माणसाला नव्हे, पाळण्यातल्या लेकरापासून आलेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना. त्या घरची चूल पेटत नाही. जेवण तयार झालं की यजमानाचं बलावणं येतं, तोवर ते घर वाट बघतं.

अर्पिता हसत होती. हिंमतराव मात्र हातातली पानाची पुडी तशीच धरून उभे राहिले. "मॅडम... असं रिकाम्या जागी आवतन नसते देत," ते हळूच म्हणाले. वामनराव तर उद्यानातल्या आपल्या खोलीतून धावतच आले.

"कोनाले देल्लं आवतन?"

"अहो, गंमत केली."

ते खोलीकडे वळले. आम्हाला चहा दिला. चहा पिता पिता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. पंखा बंद पडल्यावर तो चालू होता हे कळतं ना, तसं. धुराचा वास गेला होता. पुरता गेला होता.

"इथं आमचं गाव होतं," वामनराव जोत्यांकडे बघत म्हणाले. "दर पावसाळ्यात पूर शिरे. नऊ वर्षं झाले, गाव वर नेलं. आमी गेलो... पन सारेच नाही आले, मॅडम. पुरात गेलेले इथंच राह्यले. रोज सांजच्याले धूर येते. मले सवय हाये. आज पहिल्यांदा मधातच बंद झाला."

"म्हणजे काय?"

"आवतन पोचलं त्याइले. चुली इझवल्या त्याइनं."

मी हसले. खोटं हसले, हे अर्पितालाही कळलं. परत येताना हिंमतराव गाडीत एकदाच बोलले. "आवतन देऊन उपाशी ठेवाचं नसते, मॅडम. पोरायले घेऊन तिथं नोका जाऊ."

चार दिवस मी स्वतःशी वाद घातला. वारा फिरला असेल, वास गेला असेल. गुरुवारी वामनरावांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"मॅडम... बलावनं कवा येते, म्हनून इचारून राह्यले."

"कोण विचारतंय?"

"दिसत नाही कोनी. खोलीच्या मांगून आवाज येते. लेकरं रडून राह्यले... चार दिवसाचे उपाशी हायेत."

मला भीती वाटली. माझ्यासाठी नाही, त्या बत्तीस मुलांसाठी. शनिवारी तिथे माझी मुलं जेवायला बसणार आणि ते उपाशी गाव भोवती उभं राहणार. मी ग्रुपवर लिहिलं, पाण्याची सोय नसल्याने शिबिर पुढे ढकललं आहे. आयुष्यात पहिल्यांदा पालकांशी धडधडीत खोटं बोलले.

शनिवारी अर्पिताला शेजाऱ्यांकडे ठेवून मी आणि हिंमतराव पहाटेच निघालो. त्यांनी भाजण्यासाठी गोवऱ्यांचे हारे, म्हणजे ढीग रचले, अख्ख्या गावाला पुरतील इतके रोडगे भाजले. बेचाळीस जोती होती. प्रत्येक जोत्यावर वामनराव सांगतील तितक्या पत्रावळ्या मांडल्या. त्यांना सगळं पाठ होतं, या घरचे तीन, त्या घरची एकटी म्हातारी. भर दुपारी हिंमतरावांनी हात जोडले आणि बलावणं दिलं. मग आम्ही तिघं विहिरीकडे तोंड आणि जोत्यांकडे पाठ करून बसलो, कारण जेवणाऱ्याकडे बघायचं नसतं, असं वामनराव म्हणाले.

ऊन रखरखीत होतं. कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. आधी पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बांगड्यांचा. एक लेकरू रडलं, त्याला कुणी तरी गप्प केलं. मी वामनरावांचा हात घट्ट धरला होता. आणि अगदी मागून, दहा पावलांवरून, एक पुरुषी आवाज आला.

"वरन येऊ द्या इकडं..."

हिंमतराव उठले. तीस वर्षं पंगती वाढत आलेला माणूस, वरण मागितल्यावर तो बसून राहीलच कसा? मी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी माझा हात सोडवला, वरणाची बादली उचलली आणि गेले. किती वेळ गेला, ठाऊक नाही. परत आले तेव्हा बादली रिकामी होती. त्यांनी काय बघितलं ते आजतागायत सांगितलेलं नाही. "पंगत मोठी होती," एवढंच म्हणाले.

आम्ही वळून बघितलं तेव्हा पत्रावळ्या स्वच्छ होत्या. सांजच्याला धुराचा वास परत आला. वामनरावांनी हात जोडले. गाडीत बसल्यावर मी ढसाढसा रडले. सुटलो, असंच वाटलं होतं मला.

परवा रविवारी संध्याकाळी मी बाजारातून आले, तर अर्पिता म्हणाली, "आई, उद्यानातून एक बाई आली होती."

"कोण बाई?"

"नऊवारीतली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं तिचं. म्हणाली, तुमच्याकडं आम्ही पोटभर जेवलो, आता येत्या शनिवारी तुम्ही आमच्याकडं या. किती जण विचारलं. मला वाटलं, शिबिर परत ठरलं. मी सांगितलं, बत्तीस मुलं आणि मॅडम." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बरोबर सांगितलं ना?"

मी वामनरावांना फोन लावला. अर्पिताचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमचं गाव लय मानी, मॅडम. कोनाचं खाल्लं त परत जेवू घातल्याशिवाय नाही राहत... तुमी हो काऊन म्हटलं?"

त्या रात्री अर्पिता जेवली नाही. काल डबाही तसाच परत आणला. ताप नाही, काही नाही, चांगली हसतखेळत होती. "भूकच नाही गं," म्हणाली. मधल्या सुट्टीत मंडळातल्या समीक्षाच्या वडलांचा, उत्तमरावांचा फोन आला.

"मॅडम, शनवारी शिबिर हाये का? पोरगी कालपासून घास घेऊन नाही राह्यली. इचारलं त म्हनते, आवतन हाये."

काल संध्याकाळपर्यंत अर्पिता सोडून बाकी एकतीस मुलांच्या घरांतून फोन आले. एकतीसही जणांना मी सांगितलं, शिबिर नाही, कुठेही पाठवू नका, पोरांना जबरदस्तीने भरवा. उद्या हिंमतरावांना घेऊन नदीवर जाणार आहे. आवतन परत घ्यायला त्या गावाची मनधरणी करायची, पण हो म्हटलेलं आवतन परत कसं करायचं, ते हिंमतरावांनाही माहीत नाही.

तुम्ही केव्हाचे बसला आहात आणि मी साधा चहासुद्धा विचारला नाही. माफ करा. परवा संध्याकाळपासून या घरात गॅस पेटलेलाच नाही, हे मला आत्ता बोलता बोलता लक्षात आलं. आणि खरं सांगू का... मलाही भूक नाही.